ऑल-न्यू एक्स-मेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रायन मायकल बेंडिस यांनी लिहिलेल्या मार्व्हलच्या या कॉमिक मालिकेबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, गुंतागुंतीचे पुढे. ज्या उत्तरात कथेचा मोठा भाग उघड होतो, तिथे सुरुवातीलाच तसं सांगितलं आहे.

१. हे कॉमिक नेमकं कशाबद्दल आहे?

१९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी एक्स-मेन सुरू केलं, तेव्हा त्या टीममध्ये पाच किशोरवयीन म्युटंट होते, म्हणजे जन्मजात विशेष शक्ती असलेली मुलं. सायक्लॉप्स म्हणजे स्कॉट समर्स, जीन ग्रे, बीस्ट म्हणजे हँक मॅकॉय, आइसमन म्हणजे बॉबी ड्रेक आणि एंजल म्हणजे वॉरन वर्दिंग्टन. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'ऑल-न्यू एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात मोठा झालेला हँक भूतकाळात जातो आणि या पाचही जणांना आजच्या काळात घेऊन येतो. त्याला स्कॉटला आरसा दाखवायचा आहे. बघ, तू कोण होतास आणि काय होऊन बसलास!

मारामारी आहे, सेंटिनल म्हणजे म्युटंटांची शिकार करणारे यंत्रमानव आहेत, खलनायक आहेत. पण मालिकेचा जीव एकाच प्रसंगात आहे. सोळा-सतरा वर्षांचं पोर आपल्याच मोठ्या रूपासमोर उभं राहतं आणि विचारतं, मी असा का झालो? मालिका या प्रश्नाजवळ राहते तेव्हा उत्तम आहे, लांब जाते तेव्हा साधारण. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच मापाने मोजलं आहे.

२. मी आजवर एक्स-मेनचं एकही कॉमिक वाचलेलं नाही. इथून सुरुवात केली तर चालेल?

चालेल, आणि छान चालेल. मुलांनाही तुमच्याइतकंच माहीत नसतं. ती जे विचारतात तेच तुम्हाला विचारायचं असतं, त्यामुळे जुना इतिहास तुमच्यापर्यंत आपोआप पोचतो.

फक्त एक गोष्ट आधी माहीत असू द्या. २०१२ मध्येच आलेल्या 'अव्हेंजर्स व्हर्सेस एक्स-मेन' या कथेत सायक्लॉप्सच्या अंगात फिनिक्स नावाची अफाट वैश्विक शक्ती शिरते आणि त्या भरात त्याच्या हातून प्रोफेसर चार्ल्स झेवियर मरतात. ज्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं, तेच. मालिका सुरू होते तेव्हा तो फरारी आहे, मॅग्नेटो, एमा फ्रॉस्ट आणि मॅजिक यांना बरोबर घेऊन नवे म्युटंट गोळा करतोय आणि उघडपणे म्युटंट क्रांतीची भाषा बोलतोय. एवढं कळलं की पहिला अंक उघडा.

३. ही मुलं येतात तेव्हा त्यांच्या मोठ्या रूपांचं काय चाललेलं असतं?

या उत्तरातच मालिकेची मांडणी किती विचारपूर्वक केली आहे ते दिसतं. स्कॉट गुरुहत्येचा आरोपी आहे. जीन हयात नाही. हँकचं शरीर नव्या उत्परिवर्तनामुळे त्याला आतून पोखरतंय आणि आपण मरणार असं त्याला वाटतंय. वॉरन जिवंत आहे, पण आधीच्या एका कथेत त्याची स्मृती पुसली गेली आहे, त्यामुळे तो हसतमुखाने स्वतःलाच ओळखत नाही. राहिला बॉबी. तो शाळेत शिकवतो, विनोद करतो, वरवर पाहता पाचांत तोच धड आहे. त्याच्याबद्दल दहाव्या प्रश्नात बोलू.

एकाच वर्गातली पाच मुलं आणि पाच तऱ्हांची भविष्यं. तरुण वॉरनला आपलं मोठं रूप भेटतं तेव्हा तो आधी खूश होतो, कारण समोरचा देखणा आहे, बलवान आहे, आनंदी आहे. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की या माणसाच्या आत कोणी राहतच नाही. मला हा प्रसंग स्कॉट-स्कॉट भेटीपेक्षाही जास्त चटका लावून गेला.

४. बीस्टने असं केलंच का? इतक्या हुशार माणसाला धोका कळला नाही?

हा आक्षेप सर्वात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. काळाशी खेळू नये हे हँकला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. तरी तो करतो, कारण आपण मरतोय अशी त्याची खात्री आहे आणि मरण्याआधी मित्राला ताळ्यावर आणण्याची ही शेवटची संधी आहे असं त्याला वाटतं. मरणाच्या दारातला माणूस हट्टाने चुकीचा निर्णय घेतो, हे मला पटलं.

पटलं नाही ते पुढचं. पाचव्या अंकात तरुण हँक आणि जीन मिळून त्याला वाचवतात. ज्या भीतीपोटी हे धाडस केलं ती भीतीच संपली, मग आता केलेल्याची जबाबदारी कोण घेणार? मालिका त्याला दोष देते, मित्र त्याला फैलावर घेतात, पण तो स्वतः आपल्या निर्णयाकडे सरळ नजरेने बघतो आहे असा प्रसंग मिळायला फार वेळ लागतो. लेखनातली ही खरी उणीव आहे.

५. या कथेत काळप्रवासाचे नियम काय आहेत? लहानपणीच्या स्कॉटला काही झालं तर मोठ्याचं काय?

या उत्तरात 'बॅटल ऑफ द अॅटम' या २०१३ च्या क्रॉसओव्हरमधली, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेल्या कथेतली, एक घटना उघड होते.

त्या कथेच्या सुरुवातीलाच सेंटिनलच्या हल्ल्यात तरुण स्कॉट कोसळतो आणि त्याच क्षणी मोठा स्कॉट हवेत विरून गेल्यासारखा नाहीसा होतो. ट्रायाज नावाचा नवा विद्यार्थी आपल्या शक्तीने पोराला परत जिवंत करतो आणि मोठा स्कॉट पुन्हा जागेवर दिसतो. म्हणजे मुलगा मेला तर माणूस पुसला जातो. नियम स्वच्छ आहे, आणि या एका पानाने पुढच्या प्रत्येक लढाईला वजन येतं.

अडचण इथून पुढे. मृत्यूचा परिणाम भविष्यावर होतो, तर बाकी बदलांचा का होत नाही? तरुण जीनची टेलिपथी, म्हणजे मन वाचण्याची शक्ती, तिच्या मूळ आयुष्यापेक्षा कितीतरी आधी जागी होते. २०१५ च्या 'ब्लॅक व्हॉर्टेक्स'मध्ये तरुण वॉरनचे पिसांचे पंख जाऊन आगीचे पंख येतात. मोठ्यांच्या बाबतीत मात्र यातलं काहीच उमटत नाही. ज्या दिवशी मुलांनी आपलं भविष्य ऐकलं, त्याच दिवशी ते भविष्य बदलायला हवं होतं.

काही वाचक याचा अर्थ असा लावतात की मुलं परत गेल्यावर सगळं विसरणार हे आधीपासून ठरलेलं आहे, म्हणून परिणाम होत नाहीत. शेवट पाहता हा अर्थ बसतो (प्रश्न १४). पण पंखांना विस्मरणाचा उपाय चालत नाही, अंगावरचा बदल अंगावरच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: बेंडिस यांना यंत्रणेत रस नव्हता, माणसांत होता. गणितासारखा काटेकोर काळप्रवास हवा असेल तर ही मालिका तुम्हाला त्रास देईल.

६. मग मुलं सरळ परत का जात नाहीत?

सुरुवातीला जायचं नाही म्हणून, नंतर जाता येत नाही म्हणून.

पाचव्या अंकाच्या शेवटी ती स्वतःच ठरवतात की थांबायचं, आणि त्या निर्णयात पुढाकार जीनचा असतो. पुढे 'बॅटल ऑफ द अॅटम'मध्ये त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न होतो आणि तो फसतो. इथवर ठीक. पण त्यानंतर हा प्रश्न इतका काळ फडताळात पडून राहतो की वाचणाराही विसरतो. घरी जायची ओढ, आईवडिलांची आठवण, आपण त्या काळातून गायब आहोत म्हणजे तिथे काय गोंधळ उडाला असेल, यातलं फार थोडं पानावर येतं. हरवलेल्या मुलांची गोष्ट सांगताना घराची आठवण इतकी कमी असावी, हे मला सर्वात जास्त खटकलं.

७. सगळे म्हणतात ही जीनची मालिका आहे. खरंच?

हो. जाहिरात स्कॉटची होती, मालिका जीनची झाली.

कर्बीच्या काळातल्या जीनकडे फक्त वस्तू मनाने हलवायची ताकद होती. तिची टेलिपथी झेवियरने ती लहान असतानाच दाबून ठेवली होती, हे नंतरच्या कथांतून कळतं. इथे आजच्या काळात येताच ती टेलिपथी अचानक उघडते. आजूबाजूच्या प्रत्येकाच्या डोक्यात तिच्याबद्दल काहीतरी आहे: दया, भीती, अपराधीपणा. हँकच्या मनात शिरल्यावर तिला आपलं सगळं आयुष्य दिसतं, लग्न, फिनिक्स, मरण. चित्रकार स्टुअर्ट इमोनेन यांनी ते सलग न काढता तुकड्या-तुकड्यांत काढलंय, आठवणी एकदम अंगावर याव्यात तसं. त्यानंतरच्या चौकटींत तिचे डोळे पाहा. मालिका सुरू झाली तेव्हाची मुलगी तिथे संपलेली असते.

पुढे २०१४ च्या 'ट्रायल ऑफ जीन ग्रे'मध्ये शिआर हे परग्रहावरचं साम्राज्य तिला पळवून नेतं आणि फिनिक्सने केलेल्या संहारासाठी तिच्यावर खटला भरतं. १९८० च्या कथेत एक अख्खी वस्ती असलेला ग्रह नष्ट झाला होता, पाच अब्ज जीव गेले होते. या मुलीने ते केलेलं नाही, कदाचित कधी करणारही नाही. जे अजून घडलेलंच नाही त्याची शिक्षा देता येते का? जुन्या वाचकांसाठी इथे आणखी एक पीळ आहे. १९८६ मध्ये मार्व्हलने असं ठरवून टाकलं होतं की तो संहार जीनने नव्हे, तिचं रूप घेतलेल्या फिनिक्सने केला. म्हणजे ही मुलगी दुहेरी निर्दोष आहे. कथा या मुद्द्यावर हवी तितकी रेंगाळत नाही, तरी पूर्ण मालिकेतला सर्वात जोरकस विचार इथेच आहे.

८. चित्रांबद्दल सांगा. फोनवर वाचलं तर चालेल का?

इमोनेन यांची रेघ स्वच्छ आहे आणि त्यांना चेहरे बोलते करता येतात. एकाच माणसाची दोन वयं शेजारी उभी राहतात तेव्हा जबडा, खांदे, उभं राहण्याची ढब यांतून ते नातं दिसायला हवं, आणि ते दिसतं. तरुण स्कॉट किंचित वाकून उभा राहतो, मोठा ताठ. वेड फॉन ग्रॉबॅजर यांची शाई आणि मार्ते ग्रासिया यांचे रंग यांचाही वाटा मोठा आहे. काही अंक डेव्हिड मार्केझ यांनी काढलेत, शेवटच्या टप्प्यात महमूद असरार येतात. जुळणी बिघडत नाही.

फोनबद्दल जपून. इमोनेन यांनी अनेक ठिकाणी समोरासमोरची दोन पानं एकच धरून चौकटी डावीकडून उजवीकडे सलग नेल्या आहेत. उभ्या पडद्यावर एक पान संपवून दुसऱ्यावर गेलात की संवादांचा क्रम चुकतो, आणि 'हा काय बोलतोय, कोणाला बोलतोय' असं होतं. फोन आडवा धरा. टॅबलेट किंवा छापील प्रत मिळाली तर उत्तमच.

९. फार बोलतात, काही घडतच नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

बोलतात खूप. बेंडिस यांची ती ओळखच आहे: तुटक वाक्यं, एकमेकांचे शब्द पकडून परत फेकणं, एका चौकटीत चार-चार फुगे. इथे ते बरंच शोभतं, कारण घाबरलेली मुलं खरंच अशीच बोलतात. पण सगळेच असे बोलतात ही अडचण आहे. बॉबीचा विनोद आणि मुलांची शिक्षिका किटी हिचा टोमणा वेगळा ओळखू येत नाही अशी पानं मला भेटली. पहिले १५ अंक महिन्याला एकाहून जास्त या वेगाने येत होते, तेव्हा हे खपून जायचं. मधल्या टप्प्यात मात्र वाचणाऱ्याची दमछाक होते.

१०. बॉबीच्या प्रसंगावरून एवढा वाद का झाला?

यात ४० व्या अंकातली घटना उघड होते.

एप्रिल २०१५ च्या त्या अंकात जीन तरुण बॉबीला बाजूला घेते आणि सांगते की तू गे आहेस, मला तुझ्या मनातून कळलं. बॉबी गडबडतो, मग हळूहळू कबूल करतो. त्याच वर्षी आलेल्या 'अनकॅनी एक्स-मेन'च्या ६०० व्या अंकात तो आपल्या मोठ्या रूपाला हाच प्रश्न विचारतो, आणि मोठा बॉबी मान्य करतो की त्याने हे आयुष्यभर दडपून ठेवलं.

वाद दोन गोष्टींवरून. पहिली, कोणाच्या मनातली इतकी खाजगी गोष्ट त्याला न विचारता वाचायची आणि वर त्याच्यासमोर मांडायची, हा जीनचा हक्क नव्हता. मी या आक्षेपाशी पूर्ण सहमत आहे. दुसरी, जीन त्याला 'बायसेक्शुअल असशील' ही शक्यताही फार चटकन झटकून टाकते. हेही चुकलंच.

तरीसुद्धा दोन बॉबींची ती भेट मला मालिकेच्या मूळ कल्पनेचं सर्वात सुंदर फळ वाटते. बाकीचे आपल्या मोठ्या रूपाला विचारतात, तू असा का झालास. बॉबी विचारतो, तू तसा का झाला नाहीस. तिसऱ्या प्रश्नात ज्याला 'वरवर पाहता धड' म्हटलं, तोच माणूस सर्वात खोल दडला होता.

११. किटी प्राइडच्या भाषणाचा उल्लेख नेहमी होतो. कोणत्या अंकात आहे?

१३ व्या. दुसऱ्या एका मालिकेत स्कॉटचा भाऊ हॅवक जाहीरपणे म्हणतो की मला 'म्युटंट' म्हणू नका, तो शब्दच नको. मुलं हे पाहतात आणि त्यांची शिक्षिका असलेली किटी त्यावर बोलते. आपण ज्यू आहोत हे आडनावावरून पटकन कळत नाही, त्यामुळे आवडलेल्या मुलाच्या तोंडून ज्यूंविरुद्धचं वाक्य ऐकायची वेळ कशी आली, ते ती सांगते. तेव्हापासून तिने ठरवलं: मी ज्यू आहे, मी म्युटंट आहे, आणि समोरच्याला ते माहीत असलं पाहिजे. एवढंच भाषण आहे. शिक्षिका आपली जखम विद्यार्थ्यांना दाखवते आणि आवाज चढवत नाही, म्हणून ते लक्षात राहतं.

१२. क्रॉसओव्हर आणि जोडीच्या मालिका वाचाव्याच लागतात का?

'अनकॅनी एक्स-मेन' ही मोठ्या सायक्लॉप्सच्या टीमची जोडमालिका, तीही बेंडिस यांचीच, २०१३ पासूनची. ती बरोबर वाचली तर दोन्ही मालिकांना चव येते. न वाचल्यास अडत नाही.

'बॅटल ऑफ द अॅटम' मात्र टाळू नका. १६ आणि १७ हे अंक त्याचाच भाग आहेत, आणि त्यानंतर किटी व मुलं तोवर जिथे राहत होती ती वुल्व्हरीनची शाळा सोडून सायक्लॉप्सकडे जातात. तो भाग गाळलात तर १८ व्या अंकात तुम्ही भलत्याच इमारतीत उभे असाल. 'ट्रायल ऑफ जीन ग्रे' सातव्या प्रश्नात सांगितलेल्या कारणासाठी वाचा. त्याच्या शेवटी तरुण स्कॉट वडिलांबरोबर, म्हणजे कॉर्सेअरबरोबर, अंतराळात जातो. ज्या बापाला तो मेलेला समजत होता तो जिवंत भेटतो! ग्रेग रुका यांनी 'सायक्लॉप्स' मालिकेच्या सुरुवातीच्या अंकांत ती गोष्ट पुढे नेली आहे. घराची जी ओढ मूळ मालिकेत कमी पडली, ती मला तिथे मिळाली.

'ब्लॅक व्हॉर्टेक्स' सोडलं तरी चालेल. आणि एक कमी वाचली जाणारी गोष्ट आवर्जून शोधा: २०१४ चे दोन वार्षिक अंक, एक 'अनकॅनी'चा आणि एक 'ऑल-न्यू'चा, चित्रं आंद्रेआ सोरेंतिनो यांची. काळ थांबवू शकणारी इव्हा बेल काळातच हरवते, भविष्यात तिचा संसार होतो, मुलगी होते, आणि परत येताना ते सगळं हातातून निसटतं. काळप्रवासाची किंमत काय असते, हे मुख्य मालिकेने ४१ अंकांत सांगितलं नाही इतकं या दोन अंकांत आहे.

१३. याच नावाची दुसरी मालिका दिसते. ती कोणती?

बेंडिस यांची ४१ अंकांची मालिका २०१५ मध्ये संपली. त्याच वर्षाच्या शेवटी डेनिस होपलेस आणि चित्रकार मार्क बॅग्ली यांनी त्याच नावाने नवी सुरू केली, ती १९ अंक चालली. विकत घेताना लेखकाचं नाव बघा.

नवी मालिका हलकी आहे, मुलं गाडी घेऊन भटकत असतात. जीन इथे नाही, ती 'एक्स्ट्राऑर्डिनरी एक्स-मेन'मध्ये आहे. मोठा स्कॉट एव्हाना मेलेला आहे आणि जगाला त्याचा तिरस्कार आहे. रस्त्यावरचे लोक या पोराकडे खुन्याकडे पाहावं तसे पाहतात, तो धागा चांगला जमलाय. त्यापुढे २०१७ पासून कलन बन यांचं 'एक्स-मेन ब्लू', ३६ अंक, ज्यात पाचही जण पुन्हा एकत्र येतात आणि नेतृत्व जीनकडे असतं.

१४. शेवटी काय होतं? ती परत जातात का?

शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर हे उत्तर सोडा.

जातात. २०१८ ची 'एक्सटर्मिनेशन', पाच अंक, लेखक एड ब्रिसन, चित्रकार पेपे लाराझ. केबल या काळप्रवासी म्युटंटचं तरुण रूप येतं, मोठ्या केबलला मारतं आणि मुलांना परत पाठवल्याशिवाय काळ वाचणार नाही असं सांगतं. परत गेल्यावर जीन सगळ्यांच्या आठवणी मनात कुलूपबंद करते. ते कुलूप योग्य वेळी उघडतं, आणि आजच्या मोठ्या रूपांना ही सगळी वर्षं आठवतात.

तांत्रिकदृष्ट्या छान सोडवलंय. पण बॉबीचं काय? इथे येऊन त्याने स्वतःला ओळखलं, रोमिओ नावाच्या मुलावर प्रेम केलं. परत जाताना त्याला पुन्हा ते सगळं विसरून, पुढची कितीतरी वर्षं लपून जगायचं आहे, आणि हे त्याला जाण्याआधी माहीत आहे. कथेला हा शेवट आवश्यकच होता, तरी मी तो भाग वाचून पुस्तक मिटवलं आणि बराच वेळ पुढे काही वाचलं नाही.

१५. अशा कॉमिकचं परीक्षण लिहायचं तर काय पाहावं? नियमांतल्या चुका मोजाव्यात का?

मोजा, पण तिथेच थांबू नका. काळप्रवासाच्या प्रत्येक कथेत भोक सापडतं, ते सापडलं म्हणजे परीक्षण झालं असं नाही. मी तीन गोष्टी विचारतो. दुसऱ्या काळातून आलेलं पात्र इथे आल्यामुळे बदललं का? त्याच्या येण्याने इथल्या माणसांना काही कबूल करावं लागलं का? आणि ते पात्र काढून टाकलं तर कथा तशीच राहते का? जीन आणि बॉबी तिन्ही कसोट्यांना उतरतात. स्कॉट दोनांना. तरुण हँक आणि वॉरन अनेक अंकांत फक्त गर्दीत असतात, आणि पाच जणांच्या टीममध्ये दोघं गर्दीत असणं हे लेखकावरचं कर्ज आहे.

१६. सगळं वाचायला वेळ नाही. एकच खंड घ्यायचा तर?

पहिला, 'यस्टरडेज एक्स-मेन', अंक १ ते ५. त्यात मुलं येतात, दोन स्कॉट समोरासमोर उभे राहतात, जीन आपलं मरण पाहते. शेवटच्या पानांवर थांबायचं की जायचं हे ठरतं. मोठी माणसं परत पाठवायच्या तयारीत असतात, आणि जी मुलगी या जगात मेलेली आहे तीच सांगते की आम्ही इथेच राहणार.